वाटाड्या कोणाचा?

बांधाचे भांडण आमच्याकडे जमिनीइतकेच जुने आहे. भोर तालुक्यात, पुणे-सातारा महामार्गापासून पूर्वेला आत असलेल्या भोंगवलीसारख्या गावात नांगराचे एक तास इकडचे तिकडे झाले की सख्ख्या भावांच्या चुली वेगळ्या होतात आणि प्रकरण तालुक्याच्या कचेरीत जाते. पूर्वी अशा वेळी मोजणीदार साखळी आणि फळा घेऊन येत असे. दोन-दोन दिवस शेतातून साखळी ओढली जायची, हद्दीचे दगड शोधले जायचे, आणि शेवटी ज्याच्या विरुद्ध निकाल जाई तो म्हणायचा, साखळीच ढिली धरली होती. आता भूमी अभिलेख खात्याचा माणूस काठीवर बसवलेले, वाडग्याएवढे एक यंत्र घेऊन येतो. त्याला रोव्हर म्हणतात. काठी बांधावर टेकवायची, क्षणभर थांबायचे, हातातल्या पडद्यावर आकडा पाहायचा आणि पुढच्या दगडाकडे जायचे. काही सेंटिमीटरच्या अचूकतेने जागा सापडते. भांडण मिटतेच असे नाही. पण साखळीला दोष देण्याची सोय मात्र गेली.

हे यंत्र विचारते कोणाला? आकाशातल्या उपग्रहांना. त्यातले सर्वांत जुने आणि सर्वपरिचित उपग्रह अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे आहेत. त्यांचा पहिला उपग्रह १९७८ साली सुटला तो कोणाच्या शेताची हद्द ठरवण्यासाठी नव्हे. जहाजांना, विमानांना, सैनिकांना आणि अस्त्रांना आपापला ठावठिकाणा अचूक कळावा, हा त्यामागचा हेतू होता. बॉम्ब कुठे पडावा हे सांगणारा वाटाड्या आज चार गुंठ्यांचा बांध कुठून जातो हेही सांगतो. तोच मोबाईलमध्ये बसून लग्नाच्या कार्यालयाचा पत्ता दाखवतो, एसटी कुठवर आली ते सांगतो आणि विमानाला धावपट्टीपर्यंत आणून सोडतो.

सह्याद्रीच्या मुलखाला वाटाड्याचे महत्त्व निराळे सांगायला नको. राजगड-तोरण्याच्या परिसरात परक्या फौजेला तोफांपेक्षाही अगोदर गरज लागे ती वाट ठाऊक असलेल्या माणसाची. तो माणूस कोणाचे मीठ खातो, यावर पुष्कळ काही ठरत असे. प्रश्न आजही तोच आहे, फक्त वाटाड्या माणूस राहिलेला नाही. दिशा दाखवणारे आणि सुकाणू सांभाळणारे तंत्रज्ञान सैन्य आणि बाजार या दोघांत वाटून घ्यायचे, तर त्याची किल्ली कोणाकडे असावी? हा प्रश्न शास्त्रज्ञांचा आणि सेनाधिकाऱ्यांचा म्हणून आपण बाजूला ठेवतो. तो तसा राहिलेला नाही, हे या लेखात सांगायचे आहे.

वाटाड्याची तीन कामे

प्रथम हे तंत्र म्हणजे नेमके काय, ते पाहू. बैलगाडी हाकणारा गाडीवान तीन गोष्टी करत असतो. आपण आत्ता कुठे आहोत हे तो ओळखतो. इथून मुक्कामाला कोणत्या वाटेने जायचे हे ठरवतो. आणि बैल त्या वाटेवर राहावेत म्हणून कासरा ओढतो किंवा सैल सोडतो. अग्निबाण, विमान, क्षेपणास्त्र किंवा ड्रोन यांच्या पोटातली यंत्रणा हीच तीन कामे करते, फक्त सेकंदाला अनेक वेळा.

पैकी पहिले काम सर्वांत कठीण. ते करण्याच्या दोन रीती आहेत. वीज गेल्यावर आपण घरात अंधारात चालतो ती पहिली रीत. माजघरातून पाच पावले, मग उजवीकडे वळायचे, मग तीन पावले की देवघर. बाहेरचे काही दिसत नाही. आपल्याच हालचालीचा हिशेब ठेवायचा. गायरोस्कोप आणि वेगवृद्धिमापक ही उपकरणे हेच करतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने लंडनवर डागलेल्या व्ही-टू अग्निबाणात गायरोस्कोप होते. पुढे तीच विद्या वाढत जाऊन चंद्रावरच्या स्वारीत कामी आली, आणि १९७० पासून प्रवाशांना घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या बोइंग ७४७ विमानांतही बसली. या रीतीत एक खोट आहे. सुरुवातीची बारीक चूक प्रवासाबरोबर वाढत जाते. माझे आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला ती चक्रवाढ व्याजासारखी वाटते: पहिल्या दिवशी दिसत नाही आणि शेवटी मुद्दलाला भारी पडते.

म्हणून दुसरी रीत लागते. बाहेरच्या कोणाला तरी विचारून आपला हिशेब मधूनमधून जुळवून घ्यायचा. पूर्वीचे खलाशी ताऱ्यांना विचारत. आताची यंत्रे उपग्रहांना विचारतात. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या घड्याळातली वेळ सांगत असतो. ती किती उशिरा पोचली त्यावरून अंतर कळते आणि किमान चार उपग्रहांची अंतरे मिळाली की जागा निश्चित होते. प्रकाश सेकंदाच्या एक अब्जांश भागात सुमारे तीस सेंटिमीटर जातो. म्हणजे घड्याळ सेकंदाच्या दशलक्षांश भागाने चुकले, तर जागा तीनशे मीटरने चुकली. भोंगवलीत तीनशे मीटरमध्ये किती जणांचे बांध येतील ते ज्याचे त्याने मोजावे. सारी मदार त्या अणुघड्याळावर आहे, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

फुकटाची किंमत

अमेरिकेने आपला लष्करी वाटाड्या जगाला मोकळा का केला, याची कथा एका दुर्घटनेपासून सुरू होते. १ सप्टेंबर १९८३ रोजी दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे गेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केले की, ही उपग्रह यंत्रणा तयार झाल्यावर नागरी विमानांनाही ती वापरता येईल. सैन्याच्या उपकरणाने प्रवाशांचे प्राण वाचावेत, ही कल्पना निःसंशय चांगली होती.

पण मोकळे करताना एक मेख मारून ठेवली होती. सामान्य वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळली जाई, त्यामुळे नागरी यंत्रांना सुमारे शंभर मीटरपर्यंत फरक दिसे. अचूक संदेश फक्त सैन्यासाठी. गंमत म्हणजे आखाती युद्धाच्या वेळी अमेरिकी सैन्याकडेच लष्करी यंत्रे अपुरी पडली. बाजारातली साधी यंत्रे विकत घ्यावी लागली, आणि ती नीट चालावीत म्हणून मुद्दाम घातलेली चूक काही काळ बंद ठेवावी लागली. सैन्यासाठी लावलेले कुलूप सैन्यालाच अडले. पुढे मे २०००मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी ही चूक घालणे कायमचे थांबवले. त्यानंतरच आज आपण वापरतो ते सारे, नकाशे, टॅक्स्या आणि घरपोच जेवण, शक्य झाले.

म्हणजे १९९९च्या उन्हाळ्यात कारगिलच्या शिखरांवर आपले जवान चढत होते, तेव्हा ती मेख जागेवरच होती. परक्याच्या आकाशात परक्याचा दिवा, आणि त्याची वात कमी-जास्त करणारा हातही परकाच. त्यात कोणाचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. ज्याने खर्च केला त्याने किल्ली स्वतःकडे ठेवली. बँकेच्या भाषेत हे मागताक्षणी परत करायचे कर्ज आहे. व्याज नाही, तारण नाही. पण देणारा कधी हात आखडता घेईल हे आपल्या हाती नाही.

पाषाण, वालचंदनगर आणि दिल्ली

कुलपाचा अनुभव आपल्याला याच्या कितीतरी आधीपासून होता. १९८७ साली सात श्रीमंत देशांनी एकत्र येऊन क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावर नियंत्रण ठेवणारी व्यवस्था उभी केली. पाचशे किलोचा भार तीनशे किलोमीटरपलीकडे नेऊ शकेल असे काही, किंवा त्याचे सुटे भाग, दुसऱ्यांना देताना विचार करायचा, असा तिचा आशय. त्याच सुमारास भारताला हवामानाच्या अंदाजासाठी क्रे महासंगणक हवा होता. अमेरिकेने तो दिला. पण मागितला त्याहून कमी ताकदीचा, आणि हवामानाखेरीज दुसरे काही त्यावर चालणार नाही अशा देखरेखीच्या अटींवर. पावसाचे गणित करणारे यंत्र क्षेपणास्त्राचेही गणित करू शकते, ही त्यांची शंका. या नकारातून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था जन्मली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला.

पुढे क्रायोजेनिक इंजिनाचे झाले. १९९१ साली रशियन संस्थेशी करार झाला, १९९२मध्ये अमेरिकेने निर्बंध घातले, आणि १९९३मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यातून अंग काढून घेतले. तयार इंजिने तेवढी दिली. आपले म्हणणे असे होते की, उड्डाणाआधी तासन्‌तास अतिशीत इंधन भरावे लागणाऱ्या इंजिनाचा क्षेपणास्त्राला काय उपयोग? म्हणणे रास्त होते. ऐकले गेले नाही. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाचे यशस्वी उड्डाण व्हायला जानेवारी २०१४ उजाडला. मे १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर तर आपल्या हलक्या लढाऊ विमानाच्या नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परत यावे लागले आणि त्यांची सामग्री तिकडेच अडकली. तरीही ४ जानेवारी २००१ रोजी ते विमान, आजचे तेजस, उडाले. त्याची नियंत्रण प्रणाली आपल्या लोकांनी पूर्ण केली होती.

ही यादी वाचून छाती फुगते, आणि फुगावीही. पण एका गोष्टीकडे डोळेझाक करू नये. जगाचा संशय अगदीच निराधार नव्हता. ऑगस्ट १९७९मध्ये आपले एसएलव्ही-३ हे उपग्रहवाहक यान दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण व्यवस्थेतील दोषामुळे समुद्रात कोसळले. १८ जुलै १९८० रोजी तेच यान यशस्वी झाले. त्या प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम पुढे संरक्षण संशोधनात गेले, आणि २२ मे १९८९ रोजी उडालेल्या अग्नी क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा एसएलव्ही-३च्याच पहिल्या टप्प्यावर आधारलेला होता. एकाच पोटची ही भावंडे. एकाला अवकाश विभागाचे आडनाव मिळाले, दुसऱ्याला संरक्षण खात्याचे. उपग्रह कक्षेत सोडणारे सुकाणू आणि अस्त्र लक्ष्यावर सोडणारे सुकाणू यांतला फरक यंत्रात फारसा नसतो. तो माणसाच्या हेतूत असतो, आणि हेतू तपासायचे उपकरण अजून कोणी बनवलेले नाही.

आपल्या पुणे जिल्ह्यातच पाहा. पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळेत पिनाक अग्निबाण घडला, तो कारगिलमध्ये वापरला गेला. मूळचा पिनाक सोडल्यावर स्वतःची वाट सुधारत नसे. नंतर त्याला हैदराबादच्या प्रयोगशाळेने सुकाणू दिले आणि आता त्याच्या मार्गदर्शनाला भारताच्या स्वतःच्या उपग्रहांचीही मदत होते. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर साखरेसाठी आणि साखर कारखान्यांच्या यंत्रांसाठी ओळखले जाते. तिथल्याच कारखान्यात इस्रोच्या यानांच्या घन इंधनाच्या भल्यामोठ्या मोटारींची आवरणे तयार होतात. ज्या वालचंद हिराचंदांनी हे नगर वसवले, त्यांनीच १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना काढला होता, हेही सांगायला हवे. मुंबईत विक्रोळीला, जिथली कपाटे आणि कुलपे घराघरांत आहेत, तिथे इस्रोची विकास इंजिनेही घडतात आणि ब्राह्मोसचे भागही. आणि उलट दिशेने, क्षेपणास्त्राच्या उष्णतारोधक आवरणासाठी शोधलेल्या हलक्या पदार्थापासून कलामांच्या सहकाऱ्यांनी पोलिओ झालेल्या मुलांच्या पायांचे आधार बनवले. काही किलोंचे जोखड काही शे ग्रॅमवर आले. या मुलांना हसत चालताना पाहण्याचा आनंद कलामांनी पुढे वारंवार सांगितला.

बँकेत असताना एका लघुउद्योजकाची कर्जाची फाईल माझ्यापुढे आली होती. मागणीपत्रावर भागाचा क्रमांक, मापे आणि धातूचा प्रकार, एवढेच. 'हे बसते कशात?' मी विचारले. तो म्हणाला, 'साहेब, मलाही ठाऊक नाही. केसभर फरक चालत नाही, एवढे ठाऊक आहे.' कर्ज त्याने वेळेवर फेडले. तो तुकडा पंपात गेला, विमानात गेला की आणखी कशात, हे त्यालाही कळले नसेल आणि मलाही नाही. दुहेरी उपयोगाचे तंत्रज्ञान म्हणतात ते असे औद्योगिक वसाहतीच्या गाळ्यागाळ्यांत पसरलेले असते. आता तर भारत स्वतःच कुलूप लावणाऱ्यांच्या रांगेत आहे. जून २०१६मध्ये आपण त्या क्षेपणास्त्र नियंत्रण व्यवस्थेचे सदस्य झालो. स्कोमेट नावाची आपली स्वतःची यादी आहे. तिच्यातली वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. काल ज्या नियमांनी आपल्याला अडवले, त्या जातीचे नियम आज भोसरीच्या आणि नाशिकच्या कारखानदाराला पाळायचे आहेत. ते त्याला समजतील अशा भाषेत, तालुक्याच्या उद्योजकापर्यंत पोचवणे हे सरकारचे काम आहे. नाहीतर चुकून गुन्हा घडेल, किंवा गुन्ह्याच्या भीतीने निर्यातच होणार नाही.

उलटी गंगा

इथवरची कहाणी सैन्याकडून बाजाराकडे वाहणाऱ्या प्रवाहाची. गेल्या वीस वर्षांत गंगा उलटी वाहू लागली आहे. मोबाईल आडवा धरला की चित्र आडवे होते, ते आतल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या वेगवृद्धिमापकामुळे. एके काळी अशी उपकरणे पेटीएवढी असत आणि त्यांची किंमत सरकारांनाच परवडे. मोबाईल आणि मोटारींनी ती कोट्यवधींनी बनवायला लावली आणि ती स्वस्त झाली. त्यांतून हौशी तरुणांनी खेळण्यातली विमाने स्वतःची स्वतः तोल सांभाळतील अशी केली. तीच विद्या आज औषध फवारणाऱ्या ड्रोनमध्ये आहे, लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या ड्रोनमध्ये आहे, आणि युक्रेनच्या खंदकांवर बॉम्ब टाकणाऱ्या ड्रोनमध्येही आहे. मे २०२५मध्ये आपल्या पश्चिम सीमेवरही ड्रोनांचे थवे आले ते आपण दूरचित्रवाणीवर पाहिले.

आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली, आणि पुढे २४ एप्रिल २०२०पासून स्वामित्व योजनेत देशभरच्या गावठाणांवर ड्रोन फिरू लागले. ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या कागद नव्हता, त्यांना मिळकत पत्रिका मिळू लागली. बँकवाल्याला हिचे मोल विचारा: कागद नसलेले घर तारण म्हणून शून्य किमतीचे असते. २०२१पर्यंत तर चांगल्या नकाशांवरच सुरक्षिततेच्या नावाने कितीतरी बंधने होती. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ती बरीचशी सैल झाली. शत्रूला दिसू नये म्हणून जे झाकले होते, ते उपग्रहांतून शत्रूला केव्हाच दिसत होते. दिसत नव्हते ते फक्त आपल्याच शेतकऱ्याला, अभियंत्याला आणि गिर्यारोहकाला.

यातून एक धडा निघतो. जुनी कुलपे वस्तूला लावलेली होती. आता वस्तू सर्वत्र झाली. उपग्रहाचे संदेश घेणारी बाजारातली चकती आणि क्षेपणास्त्रातली चकती यांत कित्येकदा फरक असतो तो आतल्या एका अटीचा: सेकंदाला सहाशे मीटरच्या वर वेग गेला तर काम करायचे की नाही. अटीचे कुलूप किती टिकाऊ असते, हे कर्जाचे करारनामे वाचलेल्यांना सांगायला नको. तेव्हा नुसत्या मनाईवर विसंबून चालणार नाही. कोण काय विकत घेतो, कोणाच्या हाती देतो, चूक झाली तर जबाबदार कोण, याचा हिशेब ठेवावा लागेल. ९ मार्च २०२२ रोजी आपले एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात जाऊन पडले. सुदैवाने कोणी दगावले नाही. पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. ठरलेली कार्यपद्धती माणसांनी पाळली नव्हती. बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही, आणि त्या दोन किल्ल्या एकाच माणसाच्या खिशात कधी ठेवायच्या नसतात. हा नियम अविश्वासातून जन्मलेला नाही. माणूस चुकतो या अनुभवातून जन्मलेला आहे.

आकाशातला चकवा

रानात रात्री माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, त्याला आपल्याकडे चकवा लागला म्हणतात. आकाशात आता असा चकवा मुद्दाम लावला जातो. उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो. त्याच लहरींवर जोरात गोंगाट केला की तो ऐकू येत नाही. आणि त्याच्यासारखाच खोटा संदेश सोडला, तर यंत्र भलतीच जागा खरी मानते. ड्रोन आणि क्षेपणास्त्रे भरकटावीत म्हणून सैन्ये हे करतात. पण लहरींना गणवेश ओळखता येत नाही. त्याच आकाशातून जाणारे प्रवासी विमानही त्यात सापडते. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अमृतसर आणि जम्मूच्या सीमाभागात विमानांच्या जीपीएसमध्ये असे अडथळे आल्याच्या चारशेहून अधिक घटना सरकारने संसदेत सांगितल्या. नोव्हेंबर २०२५मध्ये दिल्लीकडे उतरणाऱ्या काही विमानांनाही हा अनुभव आला. २५ डिसेंबर २०२४ रोजी अझरबैजानचे प्रवासी विमान युद्धाच्या छायेतल्या ग्रोझनीकडे निघाले होते. तिथे ते रशियन हवाई संरक्षणाच्या माऱ्यात सापडले आणि कास्पियन समुद्रापलीकडे कोसळले. ३८ जण मेले. १९८३मध्ये ज्या संकटातून सुटण्यासाठी लष्करी वाटाड्या नागरिकांना दिला, त्याच संकटाशी चाळीस वर्षांनी आपण पुन्हा येऊन ठेपलो आहोत.

विमानात बसणाऱ्यांपुरतेच हे नाही. उपग्रह वेळ सांगतात, हे मघाशी पाहिले. मोबाईलचे मनोरे, वीजवाहिन्यांचे जाळे, बँकांचे आणि शेअर बाजाराचे संगणक यांची घड्याळे जुळवायला जगभर या वेळेचा आधार घेतला जातो. मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेच्या भिंतीवरचे किल्लीचे घड्याळ पाच मिनिटे मागे असले तरी संध्याकाळी रोकड जुळत असे. आता एका सेकंदात अगणित व्यवहार होतात. कोणता आधी आणि कोणता नंतर, हे घड्याळाखेरीज कोण सांगणार?

आपली किल्ली

म्हणून भारताने स्वतःचे उपग्रह सोडले. १ जुलै २०१३ रोजी पहिला, एप्रिल २०१६मध्ये सातवा. यंत्रणेचे नाव 'नाविक'. भारत आणि सीमेपलीकडे दीड हजार किलोमीटरपर्यंतचा प्रदेश तिच्या आवाक्यात. तिच्या रचनेतच या लेखाचा विषय कोरलेला आहे: एक सेवा सर्वांसाठी खुली, दुसरी सांकेतिक, फक्त अधिकृत वापरासाठी. एकाच विहिरीवर दोन रहाट. ऑगस्ट २०२४मध्ये पालघरला एक योजना सुरू झाली, तिच्यात देशातल्या एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशी जोडलेली संदेशयंत्रे बसवायची आहेत. पालघरचे कोळी बांधव न दिसणारी सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपाखाली पाकिस्तानच्या तुरुंगात खितपत पडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो. हद्द जवळ आली असे नौकेवर वेळीच कळले, तर एका घरातली चूल पेटती राहील. राष्ट्रीय सुरक्षा म्हणतात ती हीसुद्धा.

पण या किल्लीची अवस्था काय आहे? पहिल्याच उपग्रहावरची तिन्ही अणुघड्याळे, जी परदेशातून आणली होती, बंद पडली. इतर काही उपग्रहांवरही घड्याळांनी दगा दिला. २०१७मध्ये बदली म्हणून सोडलेला उपग्रह यानाचे आवरण न उघडल्याने वाया गेला. मे २०२३मध्ये स्वदेशी अणुघड्याळ असलेला पहिला उपग्रह यशस्वी झाला, ही मोठीच गोष्ट. जानेवारी २०२५मधला त्यापुढचा मात्र ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. त्याच वर्षी सरकारने संसदेत सांगितले की, सोडलेल्या अकरांपैकी जागा सांगण्याचे काम चारच उपग्रह करत आहेत. चार म्हणजे जागा काढण्यासाठी लागणारी किमान संख्या. बँकेच्या भाषेत, तेव्हा रोजचा व्यवहार कसाबसा भागत होता, गंगाजळी शून्य होती. अशी बँक चालू असते, पण तिच्यात कोणी निश्चिंतपणे ठेव ठेवत नाही.

शास्त्रज्ञांवर टीका करणे सोपे आहे आणि ते मला करायचे नाही. अवघड वस्तू करताना अपयश येते. १९७९चे यान पडले म्हणून १९८०चे उडाले. माझी तक्रार आपल्या नागरिकांच्या आणि लोकप्रतिनिधींच्या बेफिकिरीबद्दल आहे. चांद्रयान उतरले की आपण पेढे वाटतो. घड्याळ बंद पडले की आपल्याला पत्ताही नसतो. खरे तर आपल्या रोजच्या जगण्याला घड्याळ अधिक जवळचे आहे. बँकांना दर तिमाहीला आपला जमाखर्च जाहीर करावा लागतो. तसा या यंत्रणेचाही व्हावा: किती उपग्रह कामाचे, किती नादुरुस्त, बदली केव्हा. सांकेतिक सेवेचे गुपित जरूर राखावे. खुल्या सेवेच्या प्रकृतीचे गुपित राखून शत्रूची गैरसोय होत नाही, फक्त आपली होते. दुसरे, विमानतळांवरची जमिनीवरची जुनी दिशादर्शक यंत्रे जुनी झाली म्हणून मोडीत काढू नयेत. उपग्रह गप्प झाले तर तीच कामाला येतील. तिसरे, कोणत्याही एकाच वाटाड्यावर विसंबू नये. अमेरिका, रशिया, युरोप आणि चीन या चौघांचे उपग्रह आकाशात आहेत. आपले यंत्र सर्वांना विचारणारे असावे, आणि शब्द अखेरचा घरच्याचा असावा. त्यासाठी तो घरचा आधी जागा हवा.

तंत्रज्ञान सैन्याने जन्माला घातले की बाजाराने, हा वाद आता निरर्थक होत चालला आहे. ते दोन्हीकडे जाणारच. आपल्या हाती उरते ते एवढेच, की ते जाताना दाराशी कोणी जागे असावे, काय गेले याची नोंद असावी, आणि दोन्ही किल्ल्या एकाच्या खिशात नसाव्यात. यंदा ज्या मुलाने शेतीच्या ड्रोनचा प्रकल्प करून अभियांत्रिकीची पदवी घेतली, तो उद्या कुठे काम करील हे त्याच्या आईवडिलांना ठाऊक नाही, बहुधा त्यालाही नाही. पण आपण बनवलेले सुकाणू कशाला जोडले जाणार, हा प्रश्न विचारण्याची सवय त्याला घरातूनच लागायला हवी. मोजणीच्या यंत्राने बांध कळतो. मर्यादा मात्र माणसालाच शिकाव्या लागतात.